लोकसहभाग आधीपासूनच चालू आहे, साहेब

प्रति,
मा. शालेय शिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय: शालेय पोषण आहारातली अंडी आणि त्यांचा खर्च गावाने उचलण्याबाबत.

सप्रेम नमस्कार.

मी अकोले तालुक्यात, डोंगराकडच्या एका गावात किराणा दुकान चालवतो. दुकानाला लागूनच पिठाची गिरणी आहे. धाकटी मुलगी गावातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीला आहे. पालकांच्या सभेत हिशेब येणारा माणूस पाहिजे म्हणून सगळ्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं आणि शाळा व्यवस्थापन समितीचं अध्यक्षपद माझ्या गळ्यात पडलं. शाळा पहिली ते चौथी, शिक्षक दोन, पट 18. गावाचं नाव मुद्दामच लिहीत नाही. हे पत्र कुणी वर पाठवलं, तर खुलासे लिहायला आमच्या गुरुजींना बसवतील आणि त्यांच्याकडे लिहायची कामं आधीच भरपूर आहेत.

नोव्हेंबर 2023 मध्ये सरकारने ठरवलं की पोषण आहार घेणाऱ्या मुलांना आठवड्यातून एक दिवस अंडं द्यायचं. जो अंडं खात नसेल त्याला केळं किंवा दुसरं फळ. नोव्हेंबर ते मार्च असे 23 आठवडे, एका अंड्याला 5 रुपये. पुढे 28 जानेवारी 2025 ला नवा शासन निर्णय आला. त्याचा मतलब असा, की अंडी, तांदळाची खीर, नाचणी सत्त्व हे सगळं करायची मोकळीक आहे, पण अंडी आणि साखर यांच्यासाठी सरकारकडून वेगळा निधी मिळणार नाही. तो शाळा व्यवस्थापन समितीने लोकसहभागातून उभा करायचा.

समिती म्हणजे मी. आणि वर्गणी देण्याइतके पैसे ज्याच्या गल्ल्यात असतात असा गावातला माणूस म्हणाल, तर तोही बऱ्याच अंशी मीच. भाताची कापणी उरकली की निम्मं गाव नारायणगाव-जुन्नरच्या बागायतीत मजुरीला जातं. मागे राहतात म्हातारी माणसं आणि त्यांच्याकडे ठेवलेली नातवंडं. ज्या महिन्यांत ही अंडी द्यायची होती, नेमक्या त्याच महिन्यांत वर्गणी मागायला गावात कुणी नसतं. शेजारच्या कर्नाटकात आठवड्याचे सहाही दिवस अंडं मिळतं. दोन दिवसांचा खर्च तिथलं सरकार करतं आणि उरलेल्या चार दिवसांचा अझीम प्रेमजी फाउंडेशन. आमच्या गावातला उद्योगपती कोण म्हणून शोधायला गेलात, तर पिठाच्या गिरणीशी येऊन थांबाल.

माझं म्हणणं एका ओळीत सांगतो. लोकसहभाग नवा मागू नका, तो आमच्याकडे आधीपासूनच चालू आहे. पोषण आहाराची ही योजना गावात त्याच्याच जिवावर उभी आहे आणि त्याचा हिशेब कुठल्याच पोर्टलवर भरला जात नाही. तो माझ्या उधारीच्या वहीत आहे. म्हणून आज वही उघडतो.

पहिलं पान इंधन आणि भाजीपाल्याचं. तांदूळ केंद्राचा येतो. मूगडाळ, तूरडाळ, मटकी, चवळी, तेल, मीठ, हळद, तिखट हे ठेकेदारामार्फत शाळेत पोचतं. उरतं इंधन आणि भाजी, त्याचे पैसे शाळेच्या खात्यावर येतात. केंद्राने 1 मे 2025 पासून पहिली ते पाचवीच्या मुलामागे दिवसाचा साहित्याचा खर्च 6 रुपये 78 पैसे केला. आधी तो 6.19 होता आणि त्याच्याही आधी 5.45. वाढला, नाही कसं म्हणू. पण त्यातली डाळ, तेल, मसाले वजा केले, तर इंधन आणि भाजीसाठी मुलामागे दिवसाला अडीच रुपयांच्या आसपास उरतात.

आता 18 मुलं, महिन्याचे 24 दिवस, अडीच रुपये. झाले 1,080. 2025 मध्ये घरगुती सिलिंडरच साडेआठशेच्या घरात होता आणि तो जेमतेम महिनाभर पुरतो. उरले सव्वादोनशे-अडीचशे. तुमच्याच निकषाप्रमाणे प्राथमिकच्या मुलाला रोज 50 ग्रॅम भाजी पाहिजे, म्हणजे 18 मुलांना महिन्याला साडेएकवीस किलोच्या वर. भागाकार करा. किलोला साधारण दहा-अकरा रुपये पडतात. साहेब, बारमाही दहा-अकरा रुपये किलोने भाजी कुठे मिळते ते मला कळवा. मी दुकान बंद करून तिकडेच गाळा घेतो.

खरी गोम अशी आहे की दर मुलामागे ठरतो आणि चूल मुलं मोजून पेटत नाही. 180 मुलांच्या शाळेत एका सिलिंडरमागे जेवढी पोरं जेवतात, त्याच्या जवळपासही 18 मुलांची शाळा जाऊ शकत नाही. पातेलं अर्धं भरलेलं असो की काठोकाठ, पाण्याला उकळी आणायला आच लागतेच. आणि डोंगरातल्या शाळा म्हणजे अशाच, विसाच्या आतबाहेर पटाच्या. मंत्रालयात हा दर ठरवताना कुणाच्या डोळ्यांपुढे मोठी शाळा असेल. आमच्याकडे त्या दराचा अर्थ एवढाच, की आठवड्यातले दोन-तीन दिवस चुलीवर लाकडं जळतात. ती लाकडं शाळेत स्वयंपाक करणाऱ्या मावशी स्वतः आणतात. गॅस जोडलेला आहे, फोटोतही दिसतो.

एवढं करूनही पैसे वेळेवर आले असते तर निभलं असतं. ते कधी दोन महिन्यांनी येतात, कधी तीन. तोवर कांदे-बटाटे, टोमॅटो, कोथिंबीर माझ्याकडून जातं आणि वहीत 'शाळा' या नावाखाली मांडलं जातं. 2015 च्या केंद्राच्या नियमांत अशी सोय आहे की पोषण आहाराचे पैसे संपले तर मुख्याध्यापकाने शाळेतला दुसरा निधी तात्पुरता वापरावा, नंतर भरपाई होईल. नियम चांगला आहे. पण ज्या शाळेच्या दुसऱ्या निधीतून खडू, विजेचं बिल आणि गळकं छप्पर एवढंच कसंबसं भागतं, तिथे तात्पुरता वापरायला काय शिल्लक असणार? मग गुरुजी खिशात हात घालतात, नाहीतर माझ्याकडे बघतात. 'शाळा' या खात्याला मी व्याज लावत नाही. उपकार म्हणून सांगत नाही, गिऱ्हाईक खात्रीचं आहे, बुडवणार नाही. पण सरकारची योजना दुकानदाराच्या बिनव्याजी भांडवलावर चालते हे तुमच्या दप्तरात कुठेतरी लिहिलेलं असावं, एवढंच.

दुसरं पान मावशींचं. हे माझ्या वहीत नाही, पण मला पाठ आहे, कारण त्यांचीही उधारी माझ्याकडेच आहे.

पटसंख्या 25 च्या आत असली की एकच स्वयंपाकी, हा नियम. आमच्या मावशी सकाळी नऊच्या सुमारास येतात. मटकी आदल्या दिवशी भिजवून फडक्यात बांधलेली असते, कारण मोड आणायचेत हे पाककृतीत लिहिलेलं आहे. थंडीत आमच्याकडे मोड लवकर येत नाहीत, म्हणून त्या ती पुरचुंडी घरी नेऊन चुलीशेजारच्या कोनाड्यात ठेवतात. तांदूळ निवडायचा, पाणी हंड्याने भरायचं, भाजी चिरायची, शिजवायचं, आधी गुरुजींनी आणि एखाद्या पालकाने चव घेऊन चव नोंदवहीत सही करायची, मग वाढायचं, ताटं घासायची, खोली झाडायची. निघायला दुपारचे अडीच होतात. याचं मानधन महिन्याला 2,500 रुपये, तेही वर्षातले दहा महिने. 2023 पर्यंत ते 1,500 होतं, ते तुमच्या सरकारने वाढवलं हेही सांगायला हवं. केंद्राचा निकष मात्र 2009 पासून 1,000 रुपयांवर अडलाय. सोळा वर्षांत माझ्या दुकानातली एकही वस्तू त्या भावाला राहिलेली नाही.

महिन्याला 24 दिवस धरले तर मावशींना दिवसाला शंभर-एकशेपाच रुपये पडतात. रोजगार हमीवर खड्डा खणायला गेल्या असत्या तर 2025-26 च्या दराने 312 मिळाले असते. नारायणगावला गेल्या असत्या तर त्याहून जास्त. त्या जात नाहीत, कारण त्यांचा नातू दुसरीत आहे आणि सून मजुरीला गेलेली आहे. दिवसाचे हे जे दोनशे रुपये त्या सोडून देतात, त्याला लोकसहभाग म्हणायचं की नाही ते तुम्ही सांगा. माझ्या हिशेबाने ती गावातली सगळ्यात मोठी देणगी आहे आणि ती देणारी बाई दारिद्र्यरेषेखालची आहे.

आता अंड्याकडे येतो.

माझा यात स्वार्थ आहे का? आहे. शाळेची अंडी माझ्याच दुकानातून जायची. एका अंड्यामागे पंचवीस-तीस पैसे सुटायचे, अठरा अंड्यांचे किती ते तुम्हीच काढा. पण खरं सांगायचं तर त्यात मला तोटाच झाला. सरकारचा दर 5 रुपये आणि योजना नोव्हेंबर ते मार्च. अंड्याचा धंदा करणाऱ्या कुणालाही विचारा, वर्षातला सगळ्यात चढा भाव याच महिन्यांत असतो. थंडीत शहरात मागणी वाढते आणि आमच्यापर्यंत ट्रे येईस्तोवर अंडं सात रुपयांवर गेलेलं असतं. पाचाचे सात करायला वरचे दोन रुपये निम्मे गुरुजींनी घातले, निम्मे मी वहीत न लिहिता सोडून दिले. म्हणजे सरकार अंड्याचे पैसे देत होतं तेव्हाही लोकसहभाग चालूच होता.

तरीही तो आठवड्याचा दिवस चांगला जायचा. त्या दिवशी हजेरी पूर्ण असायची, हे गुरुजींच्या हजेरीपटावर दिसतं. मावशी अंडी उकडून थंड पाण्यात टाकायच्या आणि पोरं ओळीत बसून आपापलं अंडं सोलायची. पहिलीतल्या पोरांना सोलता यायचं नाही, निम्मं पांढरं टरफलाबरोबर जायचं, मग चौथीच्या पोरींनी त्यांचं सोलून द्यायचं असा नियमच झाला होता. काही जण आधी बलक काढून बाजूला ठेवायचे, शेवटी खायला. दोघं-तिघं अंडं खिशात घालून न्यायचे, घरी धाकटं भावंड आहे म्हणून. शाळेतल्या दुसऱ्या शिक्षिका, मॅडमनी मग 'इथेच खायचं' असा दंडक केला. बरोबरच केलं, आणि त्यांना ते जड गेलं हेही खरं.

अंड्याचा एक गुण दुकानदार म्हणून सांगतो. डाळीत खडा येतो, तिखटात भुसा येतो, गोणी पन्नास किलोची म्हणून येते आणि काट्यावर तेवढी भरत नाही. वरण पातळ करता येतं, भाजी कमी घालता येते आणि कागदावर 450 कॅलरी आणि 12 ग्रॅम प्रथिनं तशीच राहतात. अंड्यात पाणी घालता येत नाही. मोजायला काटा लागत नाही, पहिलीतलं पोरही सांगतं की मला मिळालं की नाही. एका अंड्यात सहा ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात, म्हणजे तुमच्या दिवसाच्या निकषाच्या निम्मी, आणि ती मधल्या कुणाच्या हाताने कमी होत नाहीत.

कुणी म्हणेल, आदिवासी गाव आहे, घरोघरी कोंबड्या आहेत, शाळेत अंडं कशाला? कोंबड्या आहेत. पण ती अंडी पोरांच्या तोंडात जात नाहीत, माझ्या काउंटरवर येतात. गावठी अंड्याला भंडारदऱ्याच्या हॉटेलांत चांगला भाव आहे. काजवे बघायला आणि कळसूबाईवर चढायला येणारी मंडळी ती मागून खातात. आजी चार अंडी फडक्यात आणते आणि बदल्यात तेल, साखर, चहापत्ती नेते. गरीब घरात गावठी अंडं ही सुट्या पैशांसारखी चीज आहे, ती कुणी मोडून खात नाही. कोंबडी घरात असूनही पोराला अंडं पहिल्यांदा नेमाने मिळालं ते शाळेत.

आणि आता ते बघा जे मला सगळ्यात जास्त खटकतं. आमची अंगणवाडी आणि शाळा एकाच आवारात आहेत, मध्ये एक उंबराचं झाड. अंगणवाडीतल्या पोरांना डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजनेतून आठवड्याला चार दिवस अंडं किंवा केळं द्यायचं, असा आदिवासी क्षेत्रासाठी राज्य सरकारचाच निर्णय आहे. महिन्याचे सोळा दिवस. ती योजना का आणली? कारण कुपोषण. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची 35.2 टक्के मुलं वयाच्या मानाने खुजी निघाली आणि 36.1 टक्के कमी वजनाची. हे अख्ख्या राज्याचे आकडे, डोंगरातले नाहीत. मग ज्या पोराला मे महिन्यापर्यंत महिन्याला सोळा अंडी मिळत होती, ते जूनमध्ये उंबराच्या या बाजूला आलं, पहिलीत बसलं की त्याची अंडी शून्य? खातं बदललं, पोर तेच आहे. सहा वर्षं पूर्ण झाल्याने खुजेपणा संपतो असं कुठल्या डॉक्टरने सांगितलंय?

लोकसहभागाच्या विरोधात मी नाही. आमच्या शाळेची परसबाग लोकांनीच केली, शेवग्याची झाडं माझ्या भावाने लावली. पण लोक काय देतात हे मला वीस वर्षांच्या गल्ल्यावरून माहीत आहे. लोक गोड देतात. 26 जानेवारीला जिलेबी, 15 ऑगस्टला बुंदी, कुणाच्या मुलाच्या वाढदिवसाला श्रीखंडाचे डबे. देणाऱ्याचं नाव फळ्यावर लिहिलं जातं, फोटो निघतो, ग्रुपवर जातो. चांगलंच आहे. पण दर आठवड्याला, विनाफोटो, अठरा अंड्यांचे पैसे देणारा माणूस मी अजून पाहिला नाही. लोकसहभाग सणावारी येतो. पोराला भूक रोज लागते.

शिवाय देणारा आला की त्याचं मतही येतं. उद्या एखादा म्हणेल, मी पैसे देतो पण अंडं नको, लाडू द्या. त्याला मी काय उत्तर देऊ? अंड्याला काही मंडळींचा विरोध होता आणि आहे, ते उघडपणे बोलतात. त्यांच्या मुलांसाठी केळ्याची सोय मूळ निर्णयातच होती. आमच्या अठरातल्या अठरा घरांत अंडं चालतं. मग ठरवायचं कुणी, पोराच्या आईने की देणगीदाराने? निधी सरकारचा होता तोवर हा प्रश्नच नव्हता.

आणि जबाबदारीचं काय? 2013 साली बिहारमध्ये सारण जिल्ह्यातल्या गंडामन गावात शाळेतलं जेवण जेवून 23 मुलं गेली, अन्नात कीटकनाशक आलं होतं. माझ्या दुकानात तेलाचे डबे एका फळीवर असतात आणि फवारणीची औषधं वेगळ्या खोलीत कुलपात, ते त्या बातमीनंतरच. सरकारी माल असेल तर निदान नमुना ठेवता येतो, ठेकेदाराला नोटीस जाते. लोकांनी आणून दिलेल्या वस्तूने उद्या काही झालं तर नोटीस कुणाला जाणार? मुख्याध्यापकाला. नाहीतर मला.

मी कायदा शिकलेलो नाही, पण गुरुजींनी वाचायला दिलेले कागद समजतात. 28 नोव्हेंबर 2001 ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की मुलांना शिजवलेलं अन्न द्या. त्याआधी आपल्याकडे महिन्याला तीन किलो तांदूळ घरी द्यायचे, ते मला आठवतं. तांदूळ घरात जायचा आणि पोराच्या वाट्याला घासभर यायचा. एप्रिल 2004 मध्ये न्यायालयाने हेही बजावलं की अन्न शिजवण्याचा खर्च कुठल्याही परिस्थितीत पालकांकडून घ्यायचा नाही. 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्याने चौदा वर्षांपर्यंतच्या मुलाला शाळेतलं मोफत जेवण हक्क म्हणून दिलं. दुष्काळी राज्यांबाबत मे 2016 मध्ये त्याच न्यायालयाने म्हटलं की अंडं, दूध किंवा तसंच दुसरं पौष्टिक काही आठवड्यातून निदान तीन दिवस द्यावं, त्या राज्यांत महाराष्ट्रही होता. तमिळनाडूत तर शाळेच्या प्रत्येक दिवशी अंडं आहे आणि 2022 पासून सकाळचा नाश्तासुद्धा. मग आमच्या समितीने पालकांपुढे पावतीपुस्तक घेऊन जायचं ते कुठल्या कागदाच्या आधारावर? पालक तेच, पोरं तीच, आणि ते पैसे लोकसहभाग म्हणून घेतले की चालतात?

पैशाचं म्हणाल तर तिजोरीवर ताण आहे हे आम्हीही वाचतो. अंड्यांचा हा खर्च वर्षाला सुमारे 50 कोटी होता असं वर्तमानपत्रांत आलं. माझ्या बायकोला लाडकी बहीण योजनेचे महिन्याला 1,500 रुपये मिळतात. 2024 च्या अर्थसंकल्पात त्या योजनेसाठी वर्षाला 46 हजार कोटी जाहीर झाले होते. ते पैसे थांबवा असं मी म्हणणार नाही, मला घरात राहायचंय. पण 46 हजार कोटींच्या शेजारी 50 कोटी ठेवून बघा. एका मुलामागे आठवड्याला 5 रुपये, 23 आठवडे, म्हणजे वर्षाला 115 रुपये. तेवढ्यात माझ्या दुकानात तेलाची पिशवीही येत नाही.

नाचणीचं थोडक्यात. आमच्याकडे तिला नागली म्हणतात आणि ती इथल्याच खाचरांच्या वरच्या उतारावर पिकते. सत्त्वाची पाकिटं लांबून आणण्यापेक्षा गावातली नागली आणि वरई शाळेने इथेच विकत घ्यावी, माझ्या गिरणीत दळावी. दळणावळीत सूट देईन, हवं तर हा माझा लोकसहभाग लिहून घ्या. पण साखर आणि दूध सरकारने द्यावं. बिनसाखरेचं सत्त्व पोरं खात नाहीत. मी खाऊन बघितलंय, मीही खाणार नाही.

तेव्हा मागणं असं आहे. अंड्याचा निधी परत सुरू करा, आणि नोव्हेंबर ते मार्च नव्हे तर शाळेचं पूर्ण वर्ष. दर ठोक 5 रुपये ठेवू नका. एनईसीसीचा, म्हणजे राष्ट्रीय अंडी समन्वय समितीचा, अंड्याचा भाव रोज निघतो, सगळा धंदा त्याच्यावर चालतो, त्याला वाहतुकीचे पैसे जोडा आणि दर महिन्याला तो दर शाळांना लागू करा. निदान अमृत आहार जिथे आहे त्या तालुक्यांत तरी अंगणवाडीतलं अंडं पहिलीत येऊन थांबू नये, त्यासाठी दोन खात्यांनी एकदा एकत्र बसावं. विसाच्या आसपास पटाच्या शाळांना इंधनाचा दर मुलामागे न देता शाळेमागे द्या, महिन्याला एक सिलिंडर, संपला विषय. भाजीपाल्याचे पैसे तिमाहीच्या सुरुवातीला आगाऊ टाका, हिशेब नंतर घ्या, पै न् पैचा देऊ. आणि मावशींना निदान रोजगार हमीच्या मजुरीइतकं तरी मिळू द्या. नववी-दहावीच्या मुलांना जेवण का नाही हाही प्रश्न आहे, तो या पत्रात घालत नाही, नाहीतर सगळंच बाजूला पडेल.

नियमांत आणखी एक गोष्ट आहे, एखाद्या दिवशी जेवण मिळालं नाही तर मुलाला त्याचं धान्य आणि शिजवण्याचा खर्च पुढच्या महिन्याच्या 15 तारखेपर्यंत मिळायला हवा. आमच्या गावात तो भत्ता कुणी पाहिलेला नाही, कारण आमच्याकडे जेवण कधी बंदच पडलेलं नाही. माल संपला की मावशी घरून डाळ आणतात नाहीतर मी तांदूळ देतो. वरच्या कागदावर मग सगळं सुरळीत दिसतं. पुढच्या वेळी आमच्या तालुक्याचा अहवाल शंभर टक्के दिसला, तर त्यातले किती टक्के तुमचे आणि किती आमचे, हे एकदा विचारून घ्या.

निर्णय दिवाळीच्या आधी कळवलात तर बरं होईल. थंडी पडली की भाव चढतो. त्याआधी राजूरच्या होलसेलवाल्याशी बोलून मला महिन्याचे ट्रे ठरवून ठेवता येतील, आणि तो उधारीवर देत नाही.

आपला,
शाळा व्यवस्थापन समितीचा एक अध्यक्ष,
अकोले तालुका, जि. अहिल्यानगर